बालवाडीचं बंद दार ते बी१: स्टाव्हांगरमधल्या एका मराठी आईचं नॉर्वेजियन

ही केस मृणालची. नाव बदललंय, घरच्या एकदोन गोष्टीही बदलल्यात, पण भाषेचं जे काही घडलं ते तसंच ठेवलंय आणि तिला वाचायला देऊनच इथे टाकतेय. मी स्टाव्हांगरला बरीच वर्षं आहे, ग्रंथालयात 'स्प्रोक-काफे' भरतो, म्हणजे नवीन आलेल्यांनी येऊन स्थानिक लोकांशी नॉर्वेजियनमध्ये गप्पा मारायच्या, तिथे मी मदतीला जाते, तिथेच ती भेटली. नॉर्वेत येणाऱ्या मराठी लोकांचे मला नेहमी तेच प्रश्न येतात, क्लास कुठला, ॲप कुठलं, परीक्षा कुठली, म्हणून एकच केस नीट सांगते.

पार्श्वभूमी

मृणाल सांगलीकडची, तिथे आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. नवरा तेल-गॅसमधला इंजिनिअर, त्याला इथे नोकरी लागली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिघं आले, मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा. स्टाव्हांगर हे तेलाचं शहर. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला आणि मग मासे डबाबंद करणाऱ्या या गावाचं सगळं रूपच पालटलं. जगभरचे लोक इथे कामाला, त्यामुळे ऑफिसात इंग्लिश, दुकानात इंग्लिश, डॉक्टरकडेसुद्धा इंग्लिश चालतं. दहा दहा वर्षं राहून नॉर्वेजियनचं एक वाक्य न बोलणारी माणसं मला माहितीयत, आणि त्यांचं अडतही नाही. निदान वरवर तरी.

नियम म्हणाल तर, तेव्हा युरोपबाहेरून कामासाठी आलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला ३०० तासांचं शिक्षण सक्तीचं होतं, २५० तास भाषा आणि ५० तास समाजाची ओळख. निर्वासितांना हे शिक्षण फुकट मिळायचं, आपल्यासारख्यांना सक्ती होती पण पैसे आपलेच. (२०२१ पासून कायदा बदलला, त्यामुळे आत्ता येणाऱ्यांनी आपल्या परवान्याला काय लागू आहे ते कोम्युनेत, म्हणजे नगरपालिकेत, विचारून घ्या.) नवऱ्याने ऑफिस सांभाळून संध्याकाळी तास भरले, कागद मिळाला, भाषा मात्र आली नाही कारण दिवसभरात ती वापरायची वेळच यायची नाही. हे मृणालने जवळून बघितलं.

अडचण

सुरुवातीला तिला काही अडचण आहे असं वाटलंच नव्हतं. मुलगा बार्नेहागेत (पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच असते इथे) जायला लागला, तिथल्या बायका तिच्याशी छान इंग्लिश बोलायच्या. मग नोव्हेंबरमधली एक सकाळ. पाऊस, वारा, अंधार, साडेसातला पोराला रेनसूट चढवून ती दारात पोचली तर दार बंद, आत दिवे नाहीत, अंगणात चिटपाखरू नाही. त्या दिवशी 'प्लानलेग्गिंग्सदाग' होता, वर्षातले पाच दिवस कर्मचारी नियोजनाला बसतात आणि मुलांना सुट्टी असते. आठवड्याच्या पत्रात लिहिलं होतं, पत्र लांबलचक नॉर्वेजियनमध्ये, ते तिने त्या आठवड्यात भाषांतर करून बघितलंच नव्हतं. त्यात कुणाची चूक नाही, पण पाच मिनिटं ती त्या दारासमोर पोराचा हात धरून उभी होती आणि रडली, हे तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं.

दुसरी गोष्ट लहान आहे पण मला फार महत्त्वाची वाटते. एकदा सकाळी पोराला सोडताना बाईंनी मुद्दाम नॉर्वेजियनमध्ये विचारलं, याने खाल्लं नाहीये का? हिने 'या' म्हटलं, म्हणजे हो, खाल्लंय. तर नकारार्थी प्रश्नाला तिथे 'या' चालत नाही, 'यू' म्हणायचं असतं. बाईंना वाटलं खाल्लं नाही, त्यांनी त्याला परत बसवून भरवलं. आपल्याकडे 'जेवला नाहीस का?' ला आपण 'जेवलो की!' म्हणतो ना, त्या 'की'चं काम नॉर्वेजियनमध्ये हा 'यू' करतो. कुठल्या क्लासमध्ये असं समजावत नाहीत, पण मराठी माणसाला हे एका मिनिटात कळतं.

पण खरी टोचणी वेगळीच होती. तीनचार महिन्यांत पोरगा नॉर्वेजियनमध्ये खेळायला लागला, आणि संध्याकाळी घरी येताना दिवसभराचं काही सांगायचा तर अर्धे शब्द तिकडचेच. ती म्हणाली, "ताई, माझं पोर दिवसभर कुठल्या भाषेत हसतं आणि कुठल्या भाषेत रडतं ते मलाच कळत नाही." अडचण होती ती ही. नोकरी, परीक्षा हे सगळं त्यानंतर आलं.

समोर काय काय पर्याय होते

इंग्लिशवरच भागवणं, हा पहिला. नवऱ्याचं म्हणणं होतं की दोन वर्षांत कदाचित परत जाऊ, मग कशाला खटाटोप. यात तथ्य होतं, कॉन्ट्रॅक्टच तसं होतं. पण 'कदाचित परत जाऊ' या एका वाक्यावर लोकांची सातआठ वर्षं गेलेली मी बघितलीयत.

दुसरा पर्याय फोनवरचं ॲप आणि त्रोन्धाइमच्या विद्यापीठाचा, एनटीएनयूचा, इंटरनेटवरचा मोफत कोर्स. ॲप तिने तीन महिने रोज केलं होतं. शब्द बरेच जमले, पण समोरचा बोलायला लागला की त्यातलं एकही ओळखू यायचं नाही. मोफत कोर्स मात्र चांगला आहे, उच्चारांसाठी तर मी आजही सांगते.

मग क्लास, आणि तिथे खरा हिशोब होता. संध्याकाळचा क्लास आठवड्याला पाच तास, म्हणजे २५० तासांना ५० आठवडे, सुट्ट्या धरून सव्वा वर्ष. दिवसाचा क्लास आठवड्याला १५ तास, म्हणजे साधारण १७ आठवडे. पैसे दोन्हीकडे तासांप्रमाणे जवळपास तेवढेच, पण दिवसाचा घेतला तर ते सगळे चार महिन्यांत भरायचे, आणि एकाच पगारावर घर. संध्याकाळचा घेतला तर नवरा वेळेवर घरी यायला हवा, जे महिन्यातून निम्मे दिवस होत नव्हतं.

अजून एक सूचना नवऱ्याकडून आली, की घरातच पोराशी नॉर्वेजियन बोलूया, त्याचंही होईल आणि आपलंही. मी याला सरळ विरोध केला. आपल्याला धड येत नसलेल्या भाषेत आपण मुलाशी बोलायला लागलो की आपल्या तोंडून फक्त सूचना निघतात, ये, बस, खा, झोप. गोष्ट निघत नाही, लाड निघत नाहीत. हेल्सेस्ताशूनच्या, म्हणजे बालआरोग्य केंद्राच्या, नर्सनेही तेच सांगितलं की घरी तुमचीच भाषा भरपूर बोला, नॉर्वेजियन त्याला बार्नेहागेत मिळतेय. तो विषय तिथेच मिटला आणि मला वाटतं या पूर्ण केसमधला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

शेवटी दिवसाचा क्लास ठरला, जानेवारी २०१९ पासून. बचतीतून पैसे काढले, त्या वर्षीची भारतवारी रद्द केली.

क्लास, आणि मराठीचा फायदा

इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण मराठी लोक उगाच घाबरतात. नॉर्वेजियनमध्ये तीन लिंगं आहेत, एन, आइ, एत. इंग्लिशवाल्यांना हे डोईजड होतं, आपण तर लहानपणापासून तो-ती-ते करतोय, कुठली वस्तू कुठल्या लिंगात ते पाठ करावंच लागतं पण निर्जीव वस्तूला लिंग असतं हे आपल्याला पटवावं लागत नाही. पूर्व नॉर्वेत आणि ऑस्लोत 'र' पुढे 'न' किंवा 'त' आला की दोन्ही मिळून आपला ण आणि ट होतो, मूल या अर्थाचा शब्द लिहायचा 'बार्न' आणि म्हणायचा जवळजवळ 'बाण', नकाशा लिहायचा 'कार्त' आणि म्हणायचा 'काट'. क्लासमधले बाकीचे त्यावर आठवडाभर अडले, मृणालला पहिल्या दिवशी जमलं.

अवघड गेलं ते क्रियापद. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मुख्य वाक्यात कायम दुसऱ्या जागी. 'आज मी कामाला जाते' असं म्हणायचं तर त्यांच्या पद्धतीने 'आज जाते मी कामाला', आजपासून सुरुवात केली की 'मी' मागे सरकतो. आणि पोटवाक्यात 'इक्के', म्हणजे नाही, क्रियापदाच्या आधी उडी मारून येतो. लिहिताना तिच्या निम्म्या चुका याच दोन गोष्टींच्या होत्या आणि मे महिन्यापर्यंत तशाच राहिल्या. सुरावटीचंही आहे, 'बनर' हाच शब्द एका सुरात शेतकरी आणि दुसऱ्या सुरात घेवड्याच्या शेंगा होतो, पण त्याचं मी तिला टेन्शन घेऊ दिलं नाही, संदर्भाने लोकांना कळतं.

पहिला पेच: कुठली नॉर्वेजियन?

मार्चमध्ये ती काफेला आली ती वैतागूनच. क्लासमध्ये शिकवतात 'याइ' म्हणजे मी, बार्नेहागेत सगळ्या बायका म्हणतात 'एग'. क्लासमध्ये 'वा' म्हणजे काय, इथे 'का'. 'तुम्ही कसे आहात' मधलं 'वुर्दान' इथे 'कॉस' होतं. र तर घशातून, त्यामुळे तो बाण-काटवाला फायदा या किनाऱ्यावर चालतच नाही. शेजारच्या आजी जेवणाला 'मात' न म्हणता 'माद' म्हणायच्या आणि केकला 'काके' ऐवजी 'कागे', हा इथल्या जुन्या बोलीचा मऊपणा. "मी दोन भाषा शिकतेय का?" तिने विचारलं.

एका अर्थाने हो. लिहायच्या प्रमाणभाषाच दोन आहेत, बूकमोल आणि नीनॉश्क, १८८५ पासून दोन्हींना सारखा दर्जा. आणि बोलताना तर प्रत्येकजण आपापल्या गावची बोली बोलतो, रेडिओवरही आणि संसदेतही, त्यासाठी सहसा कुणी प्रमाण उच्चार करत नाही. म्हणजे कोल्हापूरचा माणूस टीव्हीवर मुलाखत देतानाही कोल्हापुरीच बोलेल आणि कुणाला त्यात वावगं वाटणार नाही, असं समजा. मला या देशातली ही गोष्ट मनापासून आवडते, पण नवीन शिकणाऱ्याची त्यात दमछाक होते हे खरंय.

मग आम्ही बसून ठरवलं: बोलायचं क्लासमधलं, ऐकायचं इथलं. तोंडाने 'याइ'च म्हणायचं, पण कानाला 'एग' आणि 'का' ओळखू यायला हवेत, त्यासाठी एका वहीत दोन रकाने करून रोज ऐकलेले शब्द लिहायचे. काही लोक उलटा सल्ला देतात की राहता तिथली बोलीच उचला. पोरं उचलतातच. मोठ्या माणसाने परीक्षेच्या तोंडावर दोन्हींची खिचडी केली तर लिहिण्यात गोंधळ होतो, असा माझा अनुभव.

दुसरा पेच: समोरचा इंग्लिशवर येतो

हे सगळ्यांचंच दुखणं. तुम्ही अडखळलात की नॉर्वेजियन माणूस लगेच इंग्लिश सुरू करतो, मदत म्हणूनच करतो. मृणालचा स्वभाव असा की समोरच्याचा वेळ घ्यायचा नाही, त्यामुळे तीही लगेच इंग्लिशवर जायची. त्यात इथे सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे तू, सत्तरीच्या माणसालासुद्धा नावाने हाक, ते तिच्या तोंडातून निघायचंच नाही, आणि मग वाक्यच टाळायची.

तिने एक वाक्य पाठ केलं: आपण नॉर्वेजियनमध्येच बोलूया का, मी सराव करतेय. दुकानात, बसस्टॉपवर, बार्नेहागेत तेच. दहातले आठजण आनंदाने सावकाश बोलायचे. पण तिला गती आली ती अशा जागी गेल्यावर, जिथे इंग्लिश चालतच नाही. अशी जागा म्हणजे लहान मुलं. दुसऱ्या एका बार्नेहागेत तिने विचारलं की आठवड्यातून दोन सकाळी बिनपगारी येऊ का. त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली, आणि ऑक्टोबर २०१९ पासून ती जायला लागली.

चार वर्षांचं मूल इंग्लिशवर येत नाही. ते तोच प्रश्न पाच वेळा, तेवढ्याच उत्साहाने विचारतं. शिवाय नॉर्वेतल्या बालवाडीत दिवसाचा बराच वेळ कपडे चढवण्या-उतरवण्यात जातो, लोकरीचे आतले कपडे, रेनसूट, बूट, हातमोजे, वीस मुलं, दिवसातून दोनतीन वेळा. तेच शब्द, तीच वाक्यं, आणि प्रत्येकाला सोबत हाताची कृती. क्लासमध्ये चार महिन्यांत जे बसलं नव्हतं ते क्रियापद दुसऱ्या जागी आपोआप बसायला लागलं. ती स्वतः शिक्षिका, त्यामुळे हे कसं घडतंय तेही तिला कळत होतं.

१२ मार्च २०२० ला करोनामुळे बार्नेहागे बंद झाली, २० एप्रिलला उघडली तेव्हा लहान गट, हात धुणं, माणसं कमी. उन्हाळ्यानंतर तिथल्या प्रमुख बाईंनी विचारलं, बदली म्हणून येशील का, पगारी. सकाळी साडेसहाला फोन यायचा, आज येता येईल का. फोनवर नॉर्वेजियन हा वेगळाच धडा, त्यात इथे 'हो' म्हणताना श्वास आत ओढून म्हणायची पद्धत आहे, पहिल्यांदा तिला वाटलं पलीकडच्या बाईंना दम लागलाय.

तिसरा पेच: परीक्षा कुठली द्यायची

नॉर्श्कप्रूव्हे ही सरकारी परीक्षा, वाचन, ऐकणं, लेखन आणि तोंडी असे चार भाग, प्रत्येकाचा निकाल वेगळा. लेव्हल (ए१ सगळ्यात सोपी, मग चढत्या क्रमाने ए२, बी१, बी२) तेव्हा जोडीने यायच्या: ए१-ए२, ए२-बी१, बी१-बी२. पेच असा की बी१-बी२ ला बसलं आणि कमी पडलं तर त्या भागात 'बी१ च्या खाली' एवढंच हाती यायचं. ए२-बी१ ला बसलं तर बी१ च्या वर मिळूच शकत नव्हतं. मी म्हटलं, खालची दे, बी१ पक्कं कर. तिला वरची द्यायची होती, नोकरीच्या जाहिरातीत बी२ लिहिलेलं तिने बघितलं होतं. तिने वरचीच दिली.

निकाल आला: वाचन बी२, लेखन बी१, तोंडी बी१, ऐकणं बी१ च्या खाली. दिवसभर मुलांचं बोलणं समजणारी बाई ऐकण्यात पडली, याचं आधी आम्हाला नवलच वाटलं. नंतर विचार केल्यावर कळलं की तिला समोर माणूस लागायचा, चेहरा, हात, बूट. हेडफोनमध्ये नुसता आवाज आल्यावर आधारच गेला. टीव्ही ती बघायची, पण खाली अक्षरं लावून, म्हणजे कान नव्हे, डोळे शिकत होते.

तोंडी परीक्षेतलंही एक सांगण्यासारखं. तिथे दोन उमेदवार एकत्र असतात, काही वेळ एकमेकांशी बोलायचं असतं. तिचा जोडीदार भरभर बोलणारा, आणि ही आपली त्याचं संपायची वाट बघत बसली, मध्ये बोलणं तिला उद्धटपणाचं वाटलं. परीक्षकांनी नंतर तिला वेगळं विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी काफेत सगळ्यांना आधी संभाषणात शिरायची वाक्यं शिकवते.

पुढे काय झालं

ऐकण्याचा भाग तिने परत दिला, सहा महिने रोज अर्धा तास रेडिओवरच्या बातम्या, अक्षरं नाहीत चित्र नाही, आणि नंतर त्याच बातम्या 'क्लार ताले' या सोप्या भाषेतल्या वर्तमानपत्रात वाचून ताडून बघायच्या. बी१ मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये मुलगा पहिलीला गेला आणि त्याच महिन्यात तिला बार्नेहागेत सहायक म्हणून ६० टक्क्यांची, म्हणजे पूर्णवेळाच्या साठ टक्के तासांची, कायम नोकरी लागली. शाळेतल्या पालकभेटीला ती एकटी जाते, नॉर्वेजियनमध्ये बोलून येते. मुलगा घरी मराठीच बोलतो, स्टाव्हांगरच्या घशातल्या र ने.

नागरिकत्व तिने घेतलेलं नाही. नॉर्वेने १ जानेवारी २०२० पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेतलंय, पण भारत घेत नाही. ज्यांना घ्यायचंय त्यांनी लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यासाठी तोंडी परीक्षेत ए२ नाही, बी१ लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

ती म्हणते बिनपगारी काम क्लासच्या आधी नाही तर क्लासबरोबरच सुरू करायला हवं होतं. मे ते ऑक्टोबर २०१९ हे पाच महिने क्लास संपलेला आणि वापरायला जागा नाही, तेव्हा बरंच विसरायला झालं. मला हे पटतं. बिनपगारी कामाबद्दल मात्र माझ्या मनात किंतु आहे. एक वर्ष फुकट राबणं सगळ्यांना परवडत नाही, आणि कुणी त्याचा गैरफायदाही घेऊ शकतं, म्हणून मी आता सांगते की तीन महिन्यांची मुदत आधीच बोलून घ्या.

परीक्षेच्या बाबतीत माझा सल्ला चुकीचा होता असं मी मान्य करते. ए२-बी१ दिली असती तर वाचनातलं बी२ तिला कळलंच नसतं, आणि त्या एका निकालाने तिला जो धीर आला तो मी बघितलाय. पण दोघींनीही एक सराव परीक्षा हेडफोन लावून करून बघायला हवी होती, तेवढ्याने ऐकण्याचं आधीच कळलं असतं.

आणि नवरा. सुरुवातीला दोघांनी मिळून ठरवायला हवं होतं ते एकटीवर पडलं, शाळेचे मेसेज, डॉक्टर, शेजारी, सगळी नॉर्वेजियन कामं अजून तिच्याकडेच येतात, ती दमते आणि तसं बोलूनही दाखवते. 'कदाचित परत जाऊ' मात्र आता घरात कुणी म्हणत नाही. पुढच्या सत्राला त्याने तोंडी परीक्षेला नाव घातलंय, ए२-बी१, आणि रात्री जेवणं झाली की ओट्याजवळ उभं राहून सराव चालतो, जोडीदार म्हणून मृणाल, आणि उच्चार चुकला की थांबवायला पोरगा.